तळाची मूठ

आमच्या गावात विहिरीच्या तळाला जाऊन आलेल्या माणसाला "काय पाहिलंस?" असं कोणी विचारत नसे. काठावरून एकच आवाज यायचा, "मूठ दाखव!" मुठीत काळा गाळ असला तर गडी तळाला जाऊन आला. नसला तर मधूनच फिरला. मग त्यानं कितीही शपथा घेतल्या तरी लोक हसून आपापल्या कामाला लागायचे.

गाव निलंग्यापासून एसटीनं पाऊण तासावर. तिथं जन्मभर ही मूठ दाखवत आलेला माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. धंदा शेतीचा, पण आसपासच्या पाच-सात गावांत ओळख पाणबुड्या म्हणून. कोणाची घागर सुटली, बादली दोरासकट गेली, पंपाचा पाइप गाळात रुतला की बोलावणं यायचं. अण्णा सदरा काढून पायरीवर ठेवायचे, तीनदा छाती भरून दम घ्यायचे आणि दिसेनासे व्हायचे. वर आले की उजव्या हातात घागर, डाव्या मुठीत गाळ. घागर नाही सापडली तरी मूठ असायचीच. मूठ असली म्हणजे माणसानं इमानानं शोधलं, पुढं बोलायचं काम नाही. या सगळ्याच्या बदल्यात अर्धा नारळ मिळायचा, आणि तोसुद्धा घरी येईस्तोवर वाटेतल्या लेकरांत संपलेला असायचा.

रात्री मात्र कान ठणकायचे. आई लसूण घालून तेल कोमट करायची, कानात सोडायची, कापूस कोंबायची आणि तोंडानं अख्ख्या गावाचा उद्धार करायची. "ह्यांच्या घागरी वर येतेत आन् माझ्या माणसाचे कान खाली चालले!" अण्णा हसायचे. पाणी तेवढं घेणारच, असं त्यांचं म्हणणं. पन्नाशीला डावा कान गेला, मग उजवा. आज ते चौऱ्याऐंशीचे आहेत आणि कानाशी सुतळी बॉम्ब लावला तरी वळून बघत नाहीत.

मला पोहायला त्यांनीच शिकवलं, पाठीला वाळका भोपळा बांधून. अकराव्या वर्षी मी पहिली मूठ आणली. ती त्यांनी सगळ्यांना दाखवली, जणू काही सोनं आणलंय. तेराव्या वर्षी मात्र घरातल्या बायांनी ठरवलं की आता पोरगी मोठी झाली, विहीर बंद. मी दोन दिवस जेवले नाही. तो राग अजून माझ्या पोटात आहे, खोटं कशाला बोलू.

मी नांदेडला सव्वीस वर्षं भूगोल शिकवते. दर वर्षी एका तासाला गुलाबी खडूनं फळ्यावर प्रवाळ काढते आणि सांगते, हे झाड नाही, दगड नाही, हा प्राणी आहे. पोरं माझ्याकडे बघत राहतात. त्यांना पटत नाही हे त्यांच्या तोंडावर दिसतं. खरं सांगायचं तर मलाही कधी पटलं नव्हतं. पुस्तकात आहे म्हणून सांगत होते.

माझी लेक पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरते. मागच्या वर्षी तिनं फोनवर मध्येच विचारलं, "आई, मालदीवला येतेस? आठ दिवस बोटीवरच राहायचं, झोपायचं, जेवायचं. बोट बेटाबेटानं फिरते आणि रोज दोन-तीनदा खाली जायचं. प्रवाळ आहे, एक बुडालेलं जहाजही आहे."

"मला काय वेड लागलंय का? वय बघ माझं," म्हणून मी फोन ठेवला. सकाळी सात वाजता मीच तिला फोन लावला. "खोल किती असतं गं ते?"

"तुला परवानगी मिळेल अठरा मीटरपर्यंत."

मी मनात हिशेब केला. आमच्याकडे विहीर मीटरनं मोजत नाहीत, परसानं मोजतात. एक परस म्हणजे उभा माणूस. अठरा मीटर म्हणजे दहा परस. गावात सगळ्यात खोल विहीर सात परसांची होती.

पुढच्या रविवारी गावाकडे गेले. अण्णांशी बोलायचं ते पाटीवर. ओरडून उपयोग नसतो, म्हणून भावानं त्यांच्या बाजेला पाटी-पेन्सिल बांधून ठेवलीय. मी लिहिलं, "समुद्राच्या तळाला जायचं म्हणते. दहा परस."

अण्णांनी पाटी डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचली. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "उजेड ऱ्हातो का तिथं?"

"राहतो म्हणतात," मी लिहिलं.

त्यांनी पाटी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मी जन्मभर तळाला हात लावला गं. बघितला न्हाई कधी. आपल्या हिरीत एका परसाखाली समदं काळं कुट्ट. डोळे मिटूनच जायचं, हातानं चाचपायचं. तळ दिसतो कसा, मला काय म्हायत? तू बघून ये आन् मला सांग. आन् मूठ आण."

मी लिहिलं, "व्हिडिओ आणते."

"मोबाईलात काय, चंद्रावर ज्वारी पेरल्याली बी दाखवतेत. मूठ आण."

पुण्यात तलावात शिकवणी सुरू झाली. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहूनही लहान. पहिल्याच तासाला तिनं सांगितलं, "काकू, खाली जाताना दर दोन-तीन फुटांवर नाक चिमटीत धरायचं आणि हळूच नाकातून फुंकायचं. कान मोकळे होतात. दुखायच्या आधी करायचं, दुखल्यावर नाही." मी खाली गेले, नाक धरलं, फुंकलं. कानात टुप् झालं आणि दाब गेला. बस्स. इतकंच.

मी वर येऊन काठावर बसले. लसणाचं तेल आठवलं, उशीवरचे पिवळे डाग आठवले, आईची बडबड आठवली. चाळीस वर्षं तो माणूस लोकांच्या घागरींपायी कान फोडून घेत होता, आणि उपाय त्याच्या स्वतःच्या नाकावर होता! पन्नास पैसे लागत नव्हते त्याला. मला इतका राग आला की कोणावर काढावा कळेना, म्हणून लेकीवर काढला. "टॉवेल कुठं ठेवलास? एक वस्तू जागेवर ठेवशील तर शपथ!" ती बिचारी बघतच राहिली. त्याच दिवशी मी ठरवलं, ही गोष्ट अण्णांना सांगायची नाही. या वयात कशाला सांगायची?

दुसरी शिकवण याहून अवघड गेली. पाण्याखाली दम धरायचा नाही. श्वास सतत चालू. वर येताना दम धरला तर छाती फाटू शकते, असं त्या मुलीनं चार-चारदा बजावलं. आता आमच्या घराण्याची एकच इस्टेट, ती म्हणजे दम! पाण्यात तोंड गेलं की माझी छाती आपोआप कुलूप लावायची. ते कुलूप काढायला मला चार दिवस लागले, आणि गोव्याच्या समुद्रात परीक्षा दिली तेव्हाही शिकवणारी माझे बुडबुडे मोजत होती.

मालदीवची बोट तीन मजली होती. त्यात आम्ही चौदा जण, बहुतेक परदेशी. टाक्या एका वेगळ्या लहान होडीत असायच्या. ती होडी दिवसभर मोठ्या बोटीच्या मागं-मागं यायची आणि बुडी मारायची वेळ झाली की आम्हाला घेऊन जायची. सकाळी सहाला घंटा. मग आमचा वाटाड्या, तिथलाच एक पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस, पांढऱ्या फळ्यावर त्या जागेचं चित्र काढायचा. उतार इकडं, प्रवाह तिकडं, कुठं वळायचं, किती हवा उरली की परतायचं. त्याचा फळा बघून मला फार बरं वाटलं. रेषा चांगली होती त्याची. मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसायचे आणि इतके प्रश्न विचारायचे की लेक टेबलाखालून पाय मारायची.

आणि खाली! मला वाटलं होतं, शांत असेल. कसली शांत? सगळीकडून करर् करर् आवाज. कोणीतरी फुटाणे खातंय असा. बघते तर निळे-हिरवे पोपटासारख्या चोचीचे मासे प्रवाळ कुरतडत होते. अधूनमधून त्यांच्या मागून पांढऱ्या पिठाची धार सुटायची. पिवळे, पट्ट्यांचे, चपटे, लांबोडे मासे माझ्या तोंडासमोरून जायचे आणि एकही घाबरत नव्हता. मला मोजू की बघू असं झालं.

उताराच्या खाली पांढरी वाळू दिसली. आठ परस. तळ! मी काही विचार केला नाही. विचार करायला वेळच कुठं होता, हात आपोआप गेला. पंजा वाळूत खुपसला, मूठ आवळली आणि छातीशी धरली. सगळीकडे पांढरा धुरळा उडाला. त्या धुरळ्यातून एक ताटाएवढा चपटा मासा उठला, लांब शेपटीचा, आणि माझ्या कोपराजवळून सळ्ळकन गेला. पुढच्या क्षणी वाटाड्यानं माझं मनगट धरलं होतं. त्यानं माझी बोटं एकेक करून उघडली. वाळू खाली गेली.

होडीवर आल्यावर तो ओरडला नाही, हेच वाईट. त्यानं सावकाश इंग्रजीत सांगितलं, "शेपटीला काटा असतो. लागला असता तर तुमची सहल तिथंच संपली असती. आणि इथली वाळू, प्रवाळ, शिंपला, काही घ्यायचं नाही, हात लावायचा नाही. कायदा आहे. आणखी एकदा असं झालं तर त्या बुडालेल्या जहाजावर तुम्हाला नेणार नाही."

माझी वर्गातल्या पोरासारखी अवस्था झाली. सव्वीस वर्षांत कोणी मला असं बोललं नव्हतं. मी उलट बोलणार होते, पण काय बोलणार, चूक माझीच. लेकीनं त्याला इंग्रजीत सगळं समजावलं, विहीर, घागर, मूठ, आजोबा. तो ऐकत राहिला. मग पहिल्यांदा हसला. म्हणाला, "तुमच्या वडिलांना सांगा, ही वाळू बरीचशी त्या पोपटमाशांची विष्ठा आहे. प्रवाळ खातात आणि वाळू टाकतात."

म्हणजे मी अण्णांसाठी माशाचं शेण घेऊन निघाले होते! मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पण नंतर खोलीत पडल्या-पडल्या काळजी लागली. मुठीशिवाय गावात तोंड कसं दाखवायचं?

तिसऱ्या दिवशी वाटाड्यानं मला पाण्याखाली एक भिंग दिलं आणि प्रवाळाच्या एका फांदीकडे बोट केलं. मी भिंगातून पाहिलं. बारीक-बारीक तोंडं होती, प्रत्येकाला किडीच्या मिशांसारखे धागे. एक धागा हलला, काहीतरी पकडलं आणि तोंड मिटलं. जेवत होतं ते! मी टाकीतली हवा विसरून बघत बसले. इतकी वर्षं जे सांगितलं ते खरं होतं. शेजारीच एक मोठा तुकडा पांढराफटक मेलेला होता, पाणी तापल्यानं. तोही पाहून घेतला. वर येऊन वहीत लिहिलं, "प्राणी आहे. जेवताना पाहिला," आणि खाली दोन रेघा ओढल्या.

जहाजाची पाळी पाचव्या दिवशी आली. माल वाहणारं जुनं जहाज, निकामी झाल्यावर मुद्दाम बुडवलेलं. वाटाड्यानं निघताना माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मी हात मागं बांधून दाखवले.

दोरीला धरून खाली-खाली. नाक धरायचं, फुंकायचं, पुन्हा नाक धरायचं. दर वेळी फुंकताना मला अण्णा आठवायचे आणि दर वेळी थोडा राग यायचा. मग निळ्यातून काहीतरी मोठं, गडद वर येऊ लागलं. आधी डोलकाठी, मग कठडा, मग अख्खं जहाज. कठड्यावर प्रवाळाची झुडपं, खिडकीत काचेसारखे आरपार दिसणारे हजारो मासे, ते एकदम वळायचे आणि खिडकी चमकायची. डेकवर नांगराची साखळी ओढायचं चाक होतं, अगदी आमच्या विहिरीवरच्या रहाटासारखं. त्याच्या आऱ्यांमधून एक लाल मासा माझ्याकडे टकमक बघत होता. ही माझ्या घरात कोण आली, असा चेहरा. मी त्याला मान लववली, दुसरं काय करणार?

दहा परसांवर मनगटावरच्या यंत्रानं अठराचा आकडा दाखवला. वाटाड्यानं हात आडवा धरला. बस, इथंच. मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. जहाजाची बाजू सरळ खाली गेली होती आणि तिच्या पायाशी, आणखी सहा-सात परस खाली, तळ पसरला होता. स्वच्छ. पांढरा. त्यावर लाटेच्या वळ्या उमटलेल्या, नुकतीच कुळवाची पाळी घातलेल्या रानासारख्या. जहाजाची सावली पडली होती. समुद्राच्या तळाला सावली! एक मासा त्या सावलीच्या कडेकडेनं चालला होता आणि त्याचीही एवढीशी सावली त्याच्याबरोबर चालली होती.

मला तिथं हात लावायची परवानगी नव्हती. अण्णांनी हात लावला, बघितलं नाही. मी बघितलं, हात लावता येत नव्हता. मुखवट्याच्या आत डोळे भरले तर पुसता येत नाहीत, हे तेव्हा कळलं. लेकीनं बोटांचा गोल करून विचारलं, ठीक आहेस ना? मीही गोल करून दाखवला.

शेवटच्या दिवशी एका रिकाम्या बेटावर उतरवलं. पायाखाली सगळी वाळूच. एक मूठ खिशात टाकली असती तर कोणाला कळणार होतं? लेकही दुसरीकडे बघत होती, मुद्दाम. पण ती काठावरची वाळू. काठावरची माती तळाची म्हणून दाखवणं, याहून हलकं काम आमच्या गावात नाही. मी हात झटकले.

दुसऱ्याच रविवारी लेकीला घेऊन गावी गेले. अण्णा बाजेवर बसून वाट बघत होते. दोन शेजारीही येऊन बसले होते. मी पाया पडायच्या आधीच ते म्हणाले, "मूठ दाखव."

मी रिकामा पंजा उघडून दाखवला. पाटीवर लिहिलं, "तिथं बंदी आहे. घेतली होती, पण आणू दिली नाही."

शेजाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण गालात हसला. माझं डोकं असं सणकलं! चोपन्न वर्षांची बाई, नांदेडात पोरं चळाचळा कापतात मला, आणि इथं मी तेरा वर्षांची होऊन उभी. लेकीनं मोबाईल पुढं केला, तो अण्णांनी हातानं बाजूला सारला. माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कान कुठं दुखतो?"

मी चमकले. ही परीक्षा होती. वरून पाहणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. विहिरीतलं दुखणं मी कधीच विसरले होते, पण नाक धरायला जरा उशीर झाला की समुद्रानं त्याची आठवण दिली होती. मी एक बोट वर धरलं, म्हणजे एका परसावर सुरू होतं. मग दोन बोटं दाखवून कानात सुई टोचल्याची खूण केली.

"हाव," अण्णा म्हणाले. "दोन परसावर सुई." ते शेजाऱ्यांकडे वळले. "गेल्ती. पोरगी गेल्ती तळाकडं. मूठ न्हाई आणली, पण गेल्ती." हसणारा गडी हसायचा थांबला.

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आन् मग दहा परस कशी सोसलीस? लई ठणकलं असंल."

मान हलवायची होती फक्त. हो म्हटलं असतं की झालं असतं. पण त्या माणसानं आत्ताच सगळ्यांसमोर माझी रिकामी मूठ खरी मानली होती. त्याच्याशी खोटं बोलायला माझी मान हलेना. मी नाक चिमटीत धरलं आणि हळूच फुंकून दाखवलं. मग पाटीवर लिहिलं, "असं केलं की दुखत नाही. दर अर्ध्या परसावर करायचं."

अण्णांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्वतःचं नाक धरलं आणि फुंकलं. गाल फुगले. त्यांनी मान एका बाजूला कलती केली आणि थांबले, काही ऐकू येतंय का बघत असल्यासारखे. पुन्हा एकदा केलं.

"येवढंच?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"आता उपेग न्हाई ना ह्याचा?"

मी पेन्सिल धरून बसले. मग लिहिलं, "नाही, अण्णा."

शेजारी उठून गेले. अण्णा विहिरीच्या दिशेला बघत राहिले. ती आता कोरडीच आहे, तिच्यावर जाळी टाकलीय. मला रडू आवरेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चिडले. "रडतीस कशाला? तुला म्हायत असतं तर सांगितलं असतंस का न्हाई?"

मी जोरानं होकाराची मान हलवली.

"मग झालं तर."

त्यांनी पाटी घेतली, धोतराच्या सोग्यानं दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. चष्मा नीट बसवला आणि माझ्या अगदी जवळ सरकले.

"आता तळाचं लिही," ते म्हणाले. "कसा दिसतो? बारीक लिही, समदं मावलं पाह्यजे."

मी पहिलं वाक्य लिहिलं, "अण्णा, तिथं तळाला सावली पडते."